मुळ्या वर, लोंब्या खाली!

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहा संपवा. उगाच ठसका लागायचा!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तळेघरच्या अंगाला, डोंगरातल्या एका शाळेवर मास्तर. शाळेला स्लाइड प्रोजेक्टर मिळाला, आणि त्याचं ट्रेनिंग घेतलेला आमच्या शाळेतला एकमेव माणूस मी! आता ट्रेनिंगमध्ये मी शेवटच्या बाकावर डुलक्या घेत होतो, हे कोण कुणाला सांगतंय?

एसटीतून उतरून दीड तास ते धूड डोक्यावर आणलं. शाळेत शेखबाई होत्या. जुन्नरच्या. विज्ञान शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आधी एकदा लावून बघू या का?"

"बाई, ट्रेनिंग केलंय मी!"

काय ती ऐट, राव!

दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी हजर. यंत्र नीट चालवता आलं नाही, तर ते दुसऱ्या शाळेला जाणार. खिडक्यांना घोंगड्या टांगल्या, भिंतीवर पांढरं धोतर ताणलं. "मुलांनो, बघा भाताचं रोप!" म्हणत मी स्लाइड घातली, बटण दाबलं.

रोप आलं. मुळ्या वर, लोंब्या खाली!

"गुर्जी, भात उलटा उगावलाय!" सातवीतली पारू ओरडली. वर्ग खिदळला. भातखाचरात वाढलेली पोरं ती, त्यांना काय फसवणार?

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला दरदरून घाम! आणि मी काय केलं असेल? सांगायलाही लाज वाटते. धोतर सोडलं, खालची बाजू वर केली आणि पुन्हा बांधलं!

बटण दाबलं. भात उलटाच!

"गुर्जी, आमीच खाली डोकं वर पाय करू का?" पुन्हा पारूच.

तेवढ्यात शेखबाई उठल्या. "मुलांनो, गुरुजींनी चित्र मुद्दाम उलटं दाखवलंय. का, ते आपण शोधायचं."

त्यांनी एका खिडकीवरची घोंगडी सारली, कपाटातलं भिंग समोरच्या भिंतीजवळ धरलं. भिंतीवर खिडकीबाहेरचा डोंगर इवलासा होऊन उतरला. शेंडा खाली!

"भिंग चित्र उलटं पाडतं. या यंत्रातही भिंगच आहे. मग चित्र सरळ दिसायला स्लाइड कशी घालायची?"

"उलटी!" छप्पर उडेल असा आवाज.

पारूनं स्वतः स्लाइड फिरवली. भात उभा राहिला!

दहा मिनिटांत बाईंनी यंत्र वाचवलं, धडा शिकवला आणि माझी अब्रू झाकली. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही! नंतर मी आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, "यंत्र तुम्ही डोक्यावर आणलंत, गुरुजी. मी फक्त कपाट उघडलं."

साहेब तर लई खूश! "मास्तर, काय पद्धत आहे! घोडेगावला तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांपुढं हेच करून दाखवा. आधी उलटं, मग सरळ!"

मी खरं सांगायला तोंड उघडेपर्यंत साहेबांची फटफटी सुरूसुद्धा झाली.

मग पंधरा दिवस बाईंनी माझ्याकडून घोटून घेतलं. स्लाइड उलटी, स्लाइड उलटी! झोपेतही चुकणार नाही इतकं.

घोडेगावला हॉल शिक्षकांनी गच्च भरलेला. मी छाती फुगवून स्लाइड घातली. "मंडळी, आता बघा, चित्र कसं उलटं पडतं!"

बटण दाबलं.

भात ताठ उभा!

"मास्तर, यात उलटं काय आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

चार लोकांसमोर स्लाइड बरोबर घालायची माझी ती पहिलीच वेळ होती हो!