हळदीचा दिवा

माझा वाढदिवस तिथीनं धनतेरसचा. म्हणजे दरसाली एकाच संध्याकाळी घरात मान दोघांचा, माझा आणि यमाचा. धारूरच्या आमच्या घरी माय कणकेचे दोन दिवे करायची. एक माझ्या औक्षणाचा, साधा. दुसऱ्याच्या कणकेत हळद. तो अंगणात दक्षिणेकडं वात करून ठेवायचा, यमासाठी, घरात अवेळी मरण येऊ नये म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवतो, अंधश्रद्धेवर तास तास बोलतो. मायला हमखास चिडवायचो, "एवढ्याशा उजेडात त्याला दिसतं का गं? चष्मा तरी दे."

"तोंड आवर, मुडद्या," ती म्हणायची.

गेल्या साली मात्र मला चिडवायचं सुचलं न्हाई. मला बावन्नावं लागत होतं. माझा बाप बावन्नाव्यात गेला, त्याचा बापही बावन्नाव्यातच. महिनाभर माय माझ्या मागं मागं, "छातीत दुखतंय का रे?" आणि खोटं कशाला बोलू, मीही वर्गात फळ्याकडं तोंड करून नाडी बघायचो.

दिवेलागणीलाच लाईट गेली. बायको तळणात अडकलेली, म्हणून सुट्टीला आलेल्या लेकीनं अंधारात चाचपडत दोन्ही दिवे लावले. एक अंगणात ठेवून आली, दुसरा ताटात घेतला. मी पाटावर बसलो. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं, तरी दर फेऱ्याला ज्योत माझ्याकडंच वाकत होती. समोर भिंतीवर बापाचा फोटो. त्याच्या काचेत मला माझं तोंड दिसत होतं, बरोबर त्याच्या तोंडावर. मला तिथून उठावंसं वाटायला लागलं.

तेवढ्यात लाईट आली. ताटातला दिवा पिवळा होता.

लेकीनं ताट झटकन मागं घेतलं. "आजी, अंधारात दोन्ही सारखेच दिसले गं!"

मायनं ताटात वाकून बघितलं. मला म्हणली, "ऊठ." मी उठलो. ती पाटावर बसली, पदर डोक्यावर सारखा केला. "आता ह्योच दिवा मला ओवाळ."

"कशाला, आजी?"

"ओवाळ म्हणते न्हवं!"

लेकीनं ओवाळलं. मायपुढं ज्योत सरळ उभी राहिली, जराही हलली न्हाई. मग तो दिवा मायनं स्वतः अंगणात नेला आणि विझेपर्यंत त्याच्यापाशी बसली. हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती. मी दारातून ऐकलं, "हितंच हाय मी. ध्यानात ठेवा, बाबा."

संक्रांतीच्या आत माय गेली. सकाळचा चहा पिऊन भिंतीला टेकली ती टेकलीच. डॉक्टर म्हणले, वय झालं होतं. खरंच हाय, ऐंशी कधीच पार केलती.

परवा धनतेरसला मला त्रेपन्नावं लागलं. लेक ताट करायला तयार होईना, चुलीजवळ बसून रडत होती. "पप्पा, माझ्यामुळं गेली का आजी?"

"येडी हायेस का? दिव्यानं कुणी मरत असतंय का!" विज्ञानाच्या मास्तराला शोभेल असंच बोललो. तिला ते पटलंही.

तिला मी पुढचं सांगितलं न्हाई. माय पाटावर बसत होती तेव्हा मला तिचा हात धरता आला असता, ताट हिसकून घेता आलं असतं. कोण अडवणार होतं? मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आणि पहिला फेरा तिच्या तोंडाभोवती फिरला, तेव्हा मला लई बरं वाटलं.