आबा हरले त्यानंतर

आमच्या परतुरात तेव्हा अध्यक्षाला सदर म्हणायचे. कचेरीची भाषा उर्दू, ती बाजारात आणि घरातही शिरलेली. संस्थानात लोकांच्या राज्यासाठी झगडणाऱ्या आमच्या संघटनेवरची बंदी उठली आणि तिचा तालुक्याचा सदर निवडायचं ठरलं, तेव्हा दोन माणसं उभी राहिली. एक माझे वडील, दुसरे शाळेतून काढून टाकलेले एक मास्तर. आणि मास्तरांसाठी गावोगाव फिरून घसा बसेपर्यंत बोलणारा माणूस म्हणजे माझा नवरा.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. स्टेशनाजवळ त्यांची कापसाची अडत होती. उर्दू अशी बोलायचे की कचेरीतले लोकही ऐकत राहायचे. गावात वाचनालय त्यांनीच काढलं होतं, आणि मराठी शाळेसाठी अर्ज लिहून लिहून त्यांची बोटं कायम शाईनं निळी असायची. मास्तर वयानं बरेच लहान. तुरुंगात जाऊन आलेले. "अर्ज करून आजवर काय पदरात पडलं?" एवढं एकच ते विचारायचे, आणि तरुण पोरं टाळ्या वाजवायची.

माझं सासर जुन्या गावात, माहेर स्टेशनाकडं. त्या हिवाळ्यात मी या दोन घरांमध्ये किती येरझारा घातल्या असतील, कुणास ठाऊक. माहेरी गेले की आई विचारायची, "जावईबापू आज कुठं बोलले?" सासरी आले की हे विचारायचे, "मामा काय म्हणून राह्यले?" दोन्हीकडं मी सांगायची, मला काही माहीत न्हाई. माहीत सगळं असायचं. एका जागी बसवत नव्हतं. दळण अर्धं टाकून मी उगाच दारात जाऊन उभी राहायची.

निवडणूक जिनिंगच्या आवारात झाली. बायका सभासद नव्हत्या, पण बसायला एका कडेला जाजम अंथरलं होतं. मी आणि आई तिथं होतो. मतं मागण्याआधी दोन्हीकडची भाषणं झाली. हे उठले. सुरुवात बरी केली. मग बोलता बोलता आवाज चढला आणि म्हणाले, "कापसाची दलाली ठीक आहे, पण आपल्याला कचेरीचा दलाल सदर म्हणून पाहिजे काय?"

आवारात कुणी तरी हसलं. आईनं माझा हात धरला. आबा पुढं खुर्चीवर बसले होते, ते हलले नाहीत. शेरवानीचं वरचं बटण तेवढं त्यांनी उघडून पुन्हा लावलं.

मग हात वर करायला सांगितलं. ह्यांचा हात सगळ्यांत आधी वर गेला, आबांच्या अगदी समोर. आबा थोड्या मतांनी हरले. त्यांनी उठून मास्तरांच्या गळ्यात हार घातला, सगळ्यांना नमस्कार केला आणि घरी गेले. त्यांच्या मागोमाग त्यांची माणसंही उठून गेली. मास्तर हार घालून उभे होते आणि अर्धं आवार रिकामं होतं.

पुढचा उन्हाळा वाईट गेला. आबांची माणसं सभेला येईनात. वाचनालयात मास्तरांच्या बाजूचे लोक आले की आबांची माणसं वर्तमानपत्र ठेवून उठायचे. औरंगाबादेहून संघटनेतले वडीलधारे आले, दोघांना एका सतरंजीवर बसवलं, म्हणाले, आता एकी करा. दोघंही हो म्हणाले. मास्तरांनी आबांना उपाध्यक्ष व्हायला सांगितलं. आबा म्हणाले, "प्रकृती बराबर न्हाई." त्यांची प्रकृती उत्तम होती.

ह्यांनी माझ्या माहेरची पायरी सोडली. मी एकदा विचारलं, "आबांना एकदा भेटून या ना." तर म्हणाले, "मी मताला हात वर केला. चोरी केली न्हाई."

"हाताचं कोण बोलून राह्यलंय?" मी म्हणाले. त्यावर ते बाहेर निघून गेले.

ऑगस्ट आला. देश स्वतंत्र झाला आणि आम्ही संस्थानातले लोक होतो तिथंच राहिलो. मास्तरांनी बाजारात झेंडा लावला आणि पोलिसांनी त्यांना तिथूनच धरून नेलं. वॉरंट ह्यांच्याही नावाचं होतं. हे भल्या पहाटे जालन्याकडच्या गाडीत बसले आणि संस्थानाबाहेर, वऱ्हाडच्या हद्दीतल्या संघटनेच्या छावणीत गेले, हे मला सासूबाईंकडून कळलं. मला सांगायला त्यांना सवड झाली नव्हती, किंवा धीर झाला नव्हता.

संस्थानाची बाजू घेणाऱ्या, खाकी कपड्यातल्या टोळ्या तोवर गावात फिरायला लागल्या होत्या. आणि त्याच दिवसांत तहसीलदारानं आबांना बोलावणं पाठवलं.

आबा शेरवानी आणि टोपी घालून निघाले. मी माहेरीच होते. आई देवापुढं बसली. मी मात्र ओसरीवरून परसात, परसातून ओसरीवर. मला भीती अटकेची नव्हती. आबा तिथं काय बोलतील, याची होती. सहा महिने हा माणूस कुणाशी मोकळेपणानं बोललेला नव्हता. त्यांच्या मनात काय साठलंय, मला ठाऊक नव्हतं. हे माझ्या वडिलांबद्दल मला वाटावं, याचीही मला लाज वाटत होती, आणि तरी वाटत होतंच.

दुपार कलल्यावर आबा आले. पाणी प्यायले. मग आईला आणि मला सांगितलं.

तहसीलदारानं चहा मागवला. म्हणाला, तुम्ही शरीफ आदमी. ही संघटना आता दंगेखोरांच्या हातात गेली आहे, एवढंच लिहून द्या. तुमच्या अडतीला, घराला कुणी हात लावणार नाही. आबा गप्प बसले, तेव्हा तो पुढं वाकून म्हणाला, "सेठ साब, आपके दामाद ने भरी सभा में आपको दलाल कहा. ऐसे लोगों के लिए आप क्यों चुप हैं?"

"मंग?" आईनं विचारलं.

"मंग काय. मी म्हणलं, साहेब, मी हारलो ते आमच्या घरात हारलो. ते कचेरीत कशाला सांगू?" आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या कपाळावर टोपीची लाल रेघ उमटली होती. "लिहून न्हाई दिलं."

त्याच संध्याकाळी ते मास्तरांच्या घरी गेले. निवडणुकीनंतर पहिल्यांदा. मास्तरांची बायको दार उघडेना. आबांनी बाहेरूनच आपण कोण ते सांगितलं. मग तिनं दार उघडलं आणि आबांनी तिच्या चुलीशेजारी ज्वारीचं पोतं ठेववलं. दुसऱ्या दिवशी ते अडतीच्या गादीवर बसून आल्यागेल्याला सांगायला लागले, "सदर आत आहेत. ते येईपर्यंत काम मी बघून राह्यलो. काही असलं तर मला सांगा."

त्यांची माणसं परत आली. अडचण मास्तरांच्या माणसांची होती. तरुण पोरं म्हणायची, हरलेला माणूस मागच्या दारानं सदर झाला. आणि छावणीतून निरोप आला तो तर सरळ होता: मामांनी यात पडू नये.

आबांना त्या निरोपाचं दुःख झालं असेल, पण चिंता दुसरीच होती. छावणीतले लोक हद्दीवरचे करोडगिरीचे नाके, म्हणजे जकातीच्या चौक्या, जाळायला लागले होते. जाळून ते हद्दीपार जायचे. सकाळी खाकीवाले येऊन जवळच्या गावावर सूड घ्यायचे. आबांनी मला बोलावून घेतलं.

"तू जाऊन त्याला सांग. नाका जाळायचा तर आधी गावाला कळव, बाया-लेकरं हलवू दे. नसलं जमत तर गावाजवळचे नाके सोड. एवढंच."

"मीच का?"

"माझा माणूस गेला तर तो ऐकणार न्हाई. त्याचा माणूस माझ्याकडं येणार न्हाई. तुझं तो ऐकंल का, मला माहीत न्हाई. पण तुला हाकलून तर देणार न्हाई."

सासूबाईंनी पिंपळगाव रेणुकाईला ओटी भरायला जायचं निमित्त काढलं. ते गाव हद्दीच्या अंगाला, भोकरदनच्या पुढं. आम्ही दोघी रेल्वेनं जालन्याला, तिथून मोटारीनं भोकरदनला आणि पुढं बैलगाडीनं. रेल्वेत खाकीवाल्यांची नजर चुकवत मी पदर ओढून बसले होते. सासूबाई मात्र शेजारणीशी माझ्या मूलबाळ न होण्याविषयी मोठ्यानं बोलत होत्या, म्हणजे नवसाचं खरं वाटावं. बोलणं खोटं नव्हतं, म्हणून अधिकच टोचत होतं.

सासूबाईंनी आधी निरोप धाडला होता, त्याप्रमाणे हे देवळामागच्या शेतात भेटले. दाढी वाढलेली, अंगावर धनगराचं घोंगडं. सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्या देवळाकडं निघून गेल्या. मी आबांचा निरोप सांगितला.

"मामांना वाटतं, विचार न करता जाळतो आम्ही?" ते म्हणाले. "गावाला आधी कळवलं तर नाक्यावर कळायला किती वेळ?"

"मंग गावाजवळचे सोडा."

"सगळेच नाके गावाजवळ असतात. जंगलात कोण जकात देतं?"

त्यांचंही खरं होतं. ज्वारी कमरेएवढी आली होती आणि वाऱ्यानं पानं सारखी वाजत होती. प्रत्येक आवाजाला दोघंही मागं बघत होतो. शेवटी मी म्हणाले, "कचेरीत आबांना बोलावलं होतं. तुम्ही दलाल म्हणालात ते त्यांना तिथं बोलून दाखवलं. तुमच्याविरुद्ध लिहून द्या म्हणाले. आबांनी न्हाई दिलं."

ते खाली बसले. एक ढेकूळ हातात घेऊन चुरत राहिले.

"ते बोललो ते बोललो," हात झटकत म्हणाले. "आता परत कसं घेऊ?"

"घेऊ नका. आबांचं काम चालू द्या, एवढं तुमच्या पोरांना सांगा."

ते त्यांनी कबूल केलं. आणि नाक्यांपैकी ज्या नाक्याला अगदी लागून घरं होती, तो सोडायचंही कबूल केलं. मी जिंकल्यासारखी परत आले. परतुरात मास्तरांची पोरं आबांच्या गादीवर येऊन बसायला लागली. एकदा तर दोन्हीकडच्या लोकांनी मिळून गोदाकाठच्या एका गावातून पळून आलेल्या घरांना आसरा दिला. मला वाटलं, झालं.

पण तो सोडलेला नाका जळाला. ह्यांच्या टोळीनं नाही, दुसऱ्या छावणीच्या टोळीनं. तिला आबांचा निरोप पोचलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी नाक्याशेजारच्या गावातली घरं खाकीवाल्यांनी जाळली, धान्य लुटलं, माणसंही मेली. पोलिसांनी आबांना उचललं. तुझा यात हात नाही असं जाहीर कर म्हणजे सोडतो, म्हणाले. त्या जाळण्याला आबांनी जीव तोडून विरोध केला होता. तसं म्हणणं खोटंही ठरलं नसतं. तरी ते एवढंच म्हणाले, "संघटनेचं काम मी बघतो. विचारायचं ते मला विचारा." त्यांना तुरुंगात पाठवलं. तिथं मास्तर होतेच. दोघंही एकाच बराकीत होते, हे आम्हाला मागाहून कळलं.

मी त्या वर्षात सदर वगैरे झाले नाही, पण निरोप मीच पोचवले, आसऱ्याला आलेल्यांच्या भाकरी मीच थापल्या आणि थापवून घेतल्या. रात्रीचा डोळा लागायचा नाही. नवरा छावणीत, बाप तुरुंगात, आणि दोघांच्या एकीवर मी विश्वास ठेवायचा, हे मला जड जात होतं.

पुढच्या सप्टेंबरात देशाच्या फौजा संस्थानात आल्या. परतूर स्टेशनावर लोक त्यांना ओवाळायला धावले. हे आले, मग आबा आणि मास्तर सुटून एकाच गाडीनं आले. आबा फार वाळले होते. ह्यांनी वाकून नमस्कार केला. आबांनी पाठीवर हात ठेवला आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर "तो नाका कुणी जाळला?"

"आम्ही न्हाई, मामा."

"मला माहीत आहे. कुणी, ते विचारून राह्यलो."

सदर पुन्हा निवडायची वेळ आली तेव्हा आबांनी मास्तरांचं नाव सुचवलं, मास्तरांनी आबांचं. दोघंही मागं हटेनात, आणि या गोंधळात तिसराच माणूस सदर झाला, जो त्या वर्षभर नागपुरात भावाकडं राहिला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. आता मी सभासद होते, पण हातही वर केला नव्हता.

थंडी पडायच्या आत आबा आणि हे त्या जळालेल्या गावाला गेले. मीही गेले. बियाण्याची ज्वारी आणि घरांवर टाकायला पत्रे गाडीत होते. गावकऱ्यांनी ते उतरवून घेतलं. बसायला घोंगडी टाकली, गुळाचा चहा दिला. हा नाका सोडावा म्हणून निरोप पाठवल्याचं आबांनी सांगायला सुरुवात केली, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "राहू द्या, सेठ. आम्हाला काय, तुम्ही सगळे एकच." तो रागानं बोलला नव्हता. पत्र्यांचा हिशोब लावत, मान खाली घालून बोलला होता.

परतताना गाडीत ह्यांनी काही तरी म्हटलं, आबांनी ते खोडून काढलं, आणि दोघं वाद घालायला लागले: निरोप दुसऱ्या छावणीपर्यंत पोचवायचं काम कुणाचं होतं. गाडीवान मागं वळून वळून बघत होता. मी दोघांनाही थांबवलं नाही. मलाही ते जाणून घ्यायचं होतं.