पयला हात, मग नळी, मग जबडा

शेंडगे तात्यांच्या हातात पेन्सिल आली की ते ती आधी कानाला लावत. साधी नव्हे, लीडची पेन्सिल, मागचं बटण दाबलं की पुढून शिसं सरकणारी. डोळे मिटून तीनदा बटण दाबायचे आणि निकाल द्यायचे, "जबड्यात भुकटी बसलीय," नाहीतर, "स्प्रिंग दमलीय हिची." नवख्या माणसाला हसू यायचं. मलाही आलं असतं, पण आमची पहिली गाठच अशी पडली की हसायची सोय राहिली नाही.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे भाग तयार करणारा एक कारखाना आहे. त्याच्या ड्रॉइंग विभागात मी लागले, त्या आठवड्यातली गोष्ट. बारामतीहून कंपनीच्या बसनं यायचं, दिवसभर कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायची, संध्याकाळी परत. पेन्सिलीत लीड अडकली म्हणून मी ती टेबलावर आपटत होते. मागून आवाज आला, "ताई, म्हशीला बडवून दूध वाढतंय व्हय?"

वळून पाहिलं तर पांढरा शर्ट, कपाळावर सरकवलेला चष्मा आणि पुढे केलेला हात. पेन्सिल त्यांच्या हातात दिली. खिशातला रुमाल टेबलावर पसरून त्यांनी ती त्याच्यावर उघडली, म्हणजे बारीक भाग घरंगळून जात नाहीत. हिंगाच्या चपट्या डबीतून एक तार काढली. ती त्यांच्या गावच्या, कळंबच्या भजनी मंडळातल्या वीणेची तुटलेली तार होती, हे मला पुढे कळलं. ती पुढच्या नळीतून आरपार घातली, अडकलेला तुकडा बाहेर ढकलला. पोटातली लीड मोजली तर सात निघाल्या. चार बाजूला काढून म्हणाले, "घरात तीनच माणसं मावत्यात. जादा कोंबली की भांडणं." पेन्सिल चालू झाली. मी आभार मानले तर ते त्यांना ऐकूच आले नसावेत, कारण तोवर ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले होते.

तात्या आमचे चेकर होते. आम्ही केलेलं प्रत्येक ड्रॉइंग कागदावर छापून त्यांच्याकडे जायचं. एकेक माप ते स्वतः गणित करून पाहायचे आणि बरोबर असेल तर त्याच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक टिक करायचे. चुकलं असेल तर गोल. पॉइंट फाइव्हची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची लीड, त्याहून जाड नाही. "टिक आकड्याला शिवता कामा न्हाय," असा दंडक. विभागाचे साहेब म्हणायचे, तात्या, आता हे सगळं स्क्रीनवर तपासा. तात्या म्हणायचे, "स्क्रीनवर समदंच गोरंगोमटं दिसतंय सायब. कागदावर आलं की चुकीला लपायला जागा न्हाय." साहेब मान हलवून निघून जायचे. त्यांना तात्यांची अडचणच वाटायची, पण तात्यांनी तपासलेलं ड्रॉइंग कधी परत आलं नव्हतं, त्यामुळे बोलणार काय?

सगळ्या विभागाच्या पेन्सिली त्यांच्याकडे दुरुस्तीला यायच्या. पेन्सिलीच्या पोटात तीन पाकळ्यांचा पितळी चिमटा असतो, तो लीड पकडून धरतो. तात्या त्याला जबडा म्हणत. स्पिरिट आणि जुना दातांचा ब्रश घेऊन तो घासायचे. वाकलेली नळी तारेवर चढवून काचेवर हळूहळू लाटायचे. एका पेन्सिलीचा जबडा दुसरीला लावायचे नाहीत. "ज्याचं दात त्याच्याच तोंडात," म्हणायचे.

पण त्यांची खरी विद्या वेगळीच होती. एकदा एक तरुण इंजिनिअर आला. लीड सारखी तुटतेय, पेन्सिल उघडून बघा म्हणाला. तात्यांनी उघडली नाही. कोरा कागद पुढे सरकवून म्हणाले, "दोन वळी लिवा." त्यानं लिहिल्या. तात्या म्हणाले, "सायब, तुमी पेन्सिल धरत न्हाय, नांगर धरताय. घरी काय भांडान झालंय का?" तो लाजला, कारण झालं होतं. तो गेल्यावर मला म्हणाले, "ध्यानात ठिवा ताई. लीड तुटली की पयला हात बघायचा, मग नळी, मग जबडा. लोक उलटं करत्यात. स्वतःचा हात बघायला कुनाला आवडतंय?"

हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! माझ्या नवऱ्याला, माझ्या मुलीला, बसमधल्या मैत्रिणींना. ज्याला ऐकवायला हवं होतं त्याला मात्र ऐकवलं नाही.

तात्यांच्या निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं असताना त्यांची लीड तुटायला लागली. पहिल्या दिवशी त्यांनी जबडा काढून धुतला. दुसऱ्या दिवशी नळी बदलली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ताई, बारामतीच्या स्टँडजवळच्या दुकानातनं येक नवी पेन्सिल आना. हल्ली मालच हलका येतोय." मी नवी आणली. तिचीही लीड दुपारपर्यंत तीनदा तुटली.

मी पाहत होते. त्यांनी शर्टाचं एक बटण सोडून दुसऱ्या काजात घातलं होतं. जबड्यावरची इवलीशी कडी त्यांच्या बोटांतून रुमालावर पडली, उचलली, पुन्हा पडली. टिका आकड्यांना शिवायला लागल्या होत्या. तात्या सुरुवात जबड्यापासून करत होते आणि हाताकडे बघत नव्हते, एवढं कळायला मला कुणाची शिकवणी लागली नाही.

सांगायचं धाडस झालं नाही. पण तेव्हा मी स्वतःची समजूत घातली ती वेगळी. त्याच्या वर्षभर आधी, डोळे अधू झालेल्या एका जुन्या फिटरला साहेबांनी गेटवर नोंदवही घेऊन बसवलं होतं. जाता-येता त्याला बघून तात्या म्हणायचे, "मला तितं बसवायच्या आधी घरी धाडा म्हनावं." हात गेला असं एकदा तोंडातून निघालं, की खुर्ची गेली. आपण कशाला निमित्त व्हा? असं मी मनाशी म्हटलं आणि एक शहाणपणा केला.

जेवणाच्या सुट्टीत तात्या डबा धुवायला गेले, तेव्हा त्यांचाच रुमाल पसरून मी त्यांची जुनी पेन्सिल उघडली. त्याच कंपनीची पॉइंट सेव्हनची पेन्सिल मी बारामतीहून आणली होती. तिच्या आतलं सगळं काढून त्यांच्या पेन्सिलीत बसवलं, जबड्यापासून नळीपर्यंत. त्यांच्याकडूनच शिकले होते, दोन मिनिटंही लागली नाहीत. जाड लीड जरा जोर पडला तरी तुटत नाही. त्यांच्या लीडच्या डबीतही जाड लीड भरून ठेवल्या. जुनं आतलं सामान कागदात गुंडाळून माझ्या खणात टाकलं.

तात्या आले, बसले, पहिली टिक केली. थोडा वेळ त्या टिकेकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसलं. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि पुढचा कागद ओढला. त्या दिवशी लीड एकदाही तुटली नाही आणि मी बसमध्ये स्वतःवर इतकी खूश होते की शेजारणीला स्टँडवर उतरल्यावर भजी खाऊ घातली.

असे दहा महिने गेले. टिका जाड झाल्या, मग वाकड्या झाल्या. मी गुपचूप डबीत लीड भरत राहिले. मग एके सकाळी घराच्या पायरीवरून उतरताना त्यांचा पाय भलतीकडेच पडला आणि ते कोसळले. मुलानं बारामतीला दवाखान्यात आणलं. मानेच्या मणक्यात नस दबली होती. ऑपरेशन झालं, पाय सावरले, पण उजवा हात काही सावरला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आठ-दहा महिन्यांपूर्वी आणलं असतं तर हात वाचला असता. जे गेलं ते आता परत येणार नाही.

मी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला बाहेर बाकावर बसवलं. "घरी आलं की म्हनायचं, लीड तुटतीय. आमी मेल्या पेन्सिलीलाच शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून विचारलं, "तुमी दिसभर शेजारी बसायच्या. तुमाला कवा काय दिसलं न्हाय का वो?"

"नाही काकू," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच भय वाटलं.

त्यानंतर तीन महिने मी कळंबला जायचं टाळलं. घरचं काम, मुलीची परीक्षा, कारणांना काय तोटा? शेवटी तात्यांचाच फोन आला, "माजी पेन्सिल खणात ऱ्हायलीय. आनून द्या." रविवारी गेले. पेन्सिल घेतली आणि काय वाटलं कुणास ठाऊक, ती कागदाची पुडीही घेतली.

तात्या ओसरीवर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, बोटं अर्धी मिटलेली. मला म्हणाले, "उघडा." मी रुमाल पसरून पेन्सिल उघडली. "हिचं सोताचं दात आनल्यात का?" मी पुडी पुढे केली. "बसवा मग."

मी पॉइंट सेव्हनचं सामान काढलं, पॉइंट फाइव्हचं बसवलं. त्यांनी मान पुढे केली. मी पेन्सिल त्यांच्या कानाशी धरून तीनदा बटण दाबलं. "ब्येस हाय. लिवून बघा." त्यांच्या शेजारी ठेवलेल्या हिंगाच्या डबीखालच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर मी त्यांचं नाव लिहायला लागले. लीड तुटली. पुन्हा लिहिलं, पुन्हा तुटली. मी जबडा उघडायला गेले.

"उघडू नका. पयलं काय बघायचं?"

मी बघितलं. माझी बोटं थरथरत होती.

"हात," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. ते थांबेपर्यंत तात्या अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसले. मग मी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच टिकंला. पाच आन् सातची रेग मला कळत न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

तात्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. ते म्हणाले, "मी म्हनलं, ताईंनी बघितलंय. लीड बदलून भागतंय, म्हंजी थोडकंच आसंल. लई आसतं तर ताई बोलल्या आसत्या."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. तात्यांचा कप त्यांनी स्वतः धरला, फुंकून त्यांच्या ओठांना लावला आणि मला म्हणाल्या, "घ्या की, निवंल." मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"काकू," मी म्हणाले, "दवाखान्यात तुम्ही मला विचारलं होतं ना. मला दिसलं होतं."