तिखटाच्या डब्यातलं मंगळसूत्र

…तर मंगळसूत्र गेलं तिखटाच्या डब्यात, इथवर काल आलो होतो. जे मधेच उठून गेले, त्यांच्यासाठी मागचं सांगतो.

येरमाळ्याची दैवशाला. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला. पण उजव्या पायानं शिलाई मशीन अशी पळवते, की येडाईदेवीच्या यात्रेआधी अख्खी आळी झंपरं घेऊन तिच्या दारात. महिन्याला सरकारचा अपंगाचा पगार तिच्या खात्यात पडायचा. त्या पैशाचा तिला फार तोरा. भावाकडं कधी चहापत्तीलासुद्धा हात पसरला नाही बाईनं.

अडतिसाव्या वर्षी मल्हार भेटला. कळंबच्या एका शाळेत शिपाई. एकदा पँट आखूड करायला आला, आणि पुढं चांगल्या पँटीसुद्धा उसवून आणायला लागला! येडाईपुढं हार घालून लग्न झालं. तिसऱ्याच दिवशी शेजारची कडूबाई धापा टाकत आली.

"अगं, नवऱ्याची कमाई बी घरच्या उत्पन्नात धरत्यात म्हणं. तुजा पगार बंद! तलाठी चौकशीला निघालाय."

दैवशालानं मशीन थांबवली. आता दोऱ्याच्या रिळालाही नवऱ्यापुढं हात पसरायचा? मंगळसूत्र तिखटात, जोडवी बटणांच्या डबीत, आणि मल्हार मांडीवर पँट घेऊन खुर्चीवर.

तलाठी भाऊसाहेब आले, पाणी प्याले.

"एकट्याच ऱ्हाता?"

"व्हय."

"मग हे कोण?"

"गिऱ्हाईक."

"बरं झालं, पंच म्हणून यांची सही घेतो. काय नाव यांचं?"

मल्हारनं तोंड उघडलं, तर भाऊसाहेबांनी हात आडवा केला. "तुमी थांबा. ताईंना विचारलंय."

इथं घोडं अडलं. गावातल्या समद्या बाप्यांची नावं धडाधड घेणारी दैवशाला, पण या एका नावाला जीभ वळेना. हात आपसूक पदराकडं गेला, पदर डोक्यावर आला. कडूबाई तोंडात लुगडं कोंबून हसायला लागली.

"गिऱ्हाईक आलं की पदर घेता व्हय, ताई?" भाऊसाहेब हसत म्हणाले.

दैवशाला उठली. डब्यात हात घातला, मंगळसूत्र झटकलं आणि गळ्यात घातलं. मल्हारला लागोपाठ तीन शिंका आल्या.

"लगीन झालंय, भाऊसाहेब. खोटं बोलले. लिवा."

भाऊसाहेबांचं हसू मावळलं. "ताई, पाय तसाच हाय, मला दिसतंय. पण कागदाला फकस्त कमाई दिसती. तुमचा जबाब वर धाडतो, पुढं साहेब ठरवतील. नवऱ्याचं नाव तेवढं तुमच्या तोंडानं सांगा."

"मी? असं कसं घेऊ?"

"उखाण्यात घे की!" कडूबाई म्हणाली.

दैवशालानं काठी टेकली, ताठ उभी राहिली आणि बोट कागदाकडं करून म्हणाली, "जसंच्या तसं लिवा, भाऊसाहेब:

लगीन झालं म्हणून काय पाय झाला बरा?
मल्हाररावांचं नाव घेते, पगार कायम करा!"