कडक पेडल
पन्हाळ्याच्या चढावर पुढच्या ट्रकच्या क्लचचा जळका वास आला, की मला उद्यमनगरातलं गाड्या दुरुस्तीचं ते दुकान आठवतं. गूळ वाहायच्या आमच्या जुन्या पिकअपला मी हौसेनं मोठं इंजिन बसवून घेतलं होतं आणि त्याच्या जोरापुढं आता जुना क्लच घसरायला लागला होता. मिस्त्रीनं दोन क्लच समोर ठेवले. शेजारी पत्रा ठोकणं चाललेलं, मिस्त्रीचे हात ग्रीसनं माखलेले, आणि मला कधी एकदा गाडी रस्त्यावर काढतो असं झालेलं. "ह्यो हेवी हाय. गूळ कितीबी भरा, घसरायचा न्हाय," मिस्त्री म्हणाला. "पर पेडल लई कडक. गाडी चालवतंय कोण?" चालवायचे वडील. त्यांचा डावा गुडघा दुखायचा. ते समोरच्या टपरीवर चहा पीत बसले होते. खरं सांगितलं असतं तर मिस्त्रीनं साधा क्लच घातला असता. "मीच की," मी म्हणालो, "बसवा हेवी." संध्याकाळी वडील स्टिअरिंगवर बसले. पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. दुसऱ्याच चौकात त्यांनी गाडी कडेला घेतली आणि उतरून माझ्या दाराशी आले. "सरक तिकडं. तूच चालव, तुला बरं जमतंय." मी खुशीत गियर टाकला. त्यानंतर ते कधी त्या जागेवर बसले नाहीत. आता माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, डाव्या पायाला काही कामच नाही. तरी घाट लागला की तो पाय रिकामी जागा दाबत राहतो.