मूळ कारण: विचारसरणी

जगातली एकूण एक भांडणं विचारसरणीमुळे होतात, हे आमच्या मावसाजींइतक्या खात्रीनं सांगणारा माणूस आमच्या शहरात पावर हाउसच्या चौकापासून पार उतई गावापर्यंत दुसरा मिळायचा नाही. दोन देशांची लढाई असो, नाहीतर आमच्या वैशाली नगरातल्या दोन बायांची कचऱ्यावरून जुंपलेली असो, मावसाजी चष्मा कपाळावर सरकवून निकाल देणार, "विचारसरणी! दुसरं काही नाही." त्यांचा तरी काय दोष म्हणा! सारा जन्म पोलादाच्या प्लांटच्या मेन्टेनन्समध्ये गेला. मशीन बंद पडलं की तिथे ब्रेकडाउन रिपोर्ट भरायचा. त्यात ‘मूळ कारण’ असा रकाना, आणि तो भरण्याआधी पाच वेळा ‘कावून’, म्हणजे आमच्याकडचं ‘का’, विचारायचंच, असा मावसाजींचा दंडक. पट्टा कावून तुटला? रोलर कावून जाम झाला? रिटायर झाल्यावर त्यांनी घरीच एका वहीत रकाने आखले. वरण करपलं, भर रिपोर्ट. मी बारावीत गणितात नापास झालो तेव्हा बाबा नुसते रागावले; मावसाजींनी मात्र वही काढली, आणि पाचव्या ‘कावून’ला मी मागच्या गल्लीतल्या एका मुलीचं नाव कबूल करून बसलो. आजही आठवलं की कान गरम होतात.

एकच भांडण त्या वहीत कधी चढलं नव्हतं. समोरच्या साहूजींशी त्यांचा अकरा वर्षं अबोला होता. दोघं एका शिफ्टचे, एका स्कूटरवर जाणारे, फक्त युनियन वेगळी. ड्यूटी सुटली की पावर हाउसच्या टपरीवर जगभरच्या लढायांवरून असे कडाडून भांडायचे की टपरीवाला बिचारा रेडिओ बंद करून ठेवायचा. मग साहूजींच्या युनियननं पुकारलेल्या एका संपाच्या दिवशी मावसाजी कामावर गेले, आणि साहूजी गेटवर सगळ्यांदेखत त्यांना ‘गद्दार’ म्हणाले. झालं! "विचारसरणीचं भांडण आहे, तुमी पडू नका त्यात," असं मावसाजींनी आम्हाला बजावलं. तेव्हापासून दूध आणायला ते मागच्या दारानं जायचे, अख्ख्या वस्तीला वळसा घालून. पुढच्या दारी साहूजी दिसले तर?

गेल्या हिवाळ्यात समोर ट्रक लागला. साहूजी घराला कुलूप लावून कायमचे मुलाकडे हैदराबादला निघाले होते. मावसाजी पडद्याआडून त्यांचं कपाट चढताना बघत होते आणि "दोर ढिला बांधला राजेहो," असं पुटपुटत होते. तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या मावशीनं मान वर न करता विचारलं,

"तुमी त्यायच्याशी बोलत कावून नाही?"

"विचारसरणी."

"थे तर पयलेपासूनच वेगळी होती. मंग एका स्कूटरवर कावून बसत होते?"

मावसाजी गडबडले. "तो मले गद्दार म्हणला."

"रागात म्हणले असतील. पण तुमचा राग अकरा वर्षं कावून टिकला?"

"तो आला नाही ना घरी! मले वाटलं, संध्याकाळी येईल, म्हणेल, तोंडातून निघून गेलं यार. म्या दोन कप चहा मांडून ठेवला होता. थंडा झाला."

"मले कावून नाही सांगितलं तवाच?"

"लाज वाटली."

"मंग तुमीच कावून नाही गेले?"

हा पाचवा होता. मावसाजी पायात मावशीच्याच चपला अडकवून रस्ता ओलांडून गेले. साहूजी तुळशीची कुंडी घेऊन ट्रकपाशी उभे होते. अकरा वर्षांनी मावसाजी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले, "रस्सी ढीली बाँधी है."

साहूजींनी कुंडी खाली ठेवली. "ग्यारह साल बाद यही बताने आए हो?" म्हणाले, आणि डोळे पुसत हसले. पाच मिनिटांत दोघं पायरीवर बसून दूरदेशीच्या कुठल्याशा लढाईवरून असे भांडायला लागले की ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी बिडी पेटवली.

संध्याकाळी मावसाजींनी वही काढली. ‘मूळ कारण’ या रकान्यात ‘विचारसरणी’ लिहून खोडलं, आणि लिहिलं, ‘मी गेलो नाही.’ पुढचा रकाना होता, ‘मशीन किती वेळ बंद’. तिथे त्यांनी लिहिलं, ‘अकरा वर्षं’. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

आता दर रविवारी हैदराबादहून फोन येतो आणि दोघं इतकं ओरडतात की मावशी खिडक्या लावून घेते. मावसाजींची तब्येत झकास आहे. दूध आणायला मात्र ते अजूनही मागच्या दारानंच जातात. समोरचं कुलूप बघवत नाही म्हणतात.