मधूभाऊंची एलपी आणि तिसरं ‘घडीभर बस’

एखाद्या माणसाचा एक किस्सा सांगायला घ्यावा आणि चहा निवेपर्यंत त्याला आणखी चार फुटावेत, असं मधूभाऊंच्या बाबतीत नेहमी होतं. आमच्यात लिहून कोणीच ठेवत नाही, म्हणून शेवटी मीच बसलो.

मधूभाऊ म्हणजे आमच्या वरठीचे गीतकार. तरुणपणी मुंबईला जाऊन त्यांनी एक एलपी काढली, ‘तळ्याची पाळ’. धानाच्या रोवणीची गाणी, दंडारीच्या नाच-नाटकातल्या चाली आणि सोबत गिटार, बेस, ड्रम! आमची झाडीबोली असल्या थाटात त्याआधी कोणी वाजवली नव्हती, नंतरही नाही. तिचे भक्त आम्ही तिघं. मी आणि क्रेनवाला नाना, दोघंही स्टील प्लान्टमधले, आणि तिसरा प्रमोद. त्याच्या पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात रेकॉर्ड प्लेयर आहे. दर रविवारी दुपारी शटर अर्धं खाली येतं आणि एलपी सुरू होते.

*

मुंबईचा ड्रमर चांगला नावाजलेला होता म्हणे. पण रोवणीचं गाणं आलं की त्याचा ठोका पुढे पळायचा. पाच टेक झाले, सहा झाले. मधूभाऊ उठले, स्टुडिओच्या बाथरूममधून बादली आणली, दारातल्या कुंड्यांची माती तिच्यात कालवली आणि त्या भल्या माणसाला पँट वर करून पाय घालायला लावला.

“पहिले चिखलातून पाय काढ, मंग ठोका दे!”

पुढचा टेक ओके. लगेच गिटारवाला ओरडला, “मलाही द्या ती बादली!”

थट्टा सोडा, पण तो किंचित मागे रेंगाळणारा ठोका आजही लागला की माझ्या पोटऱ्या भरून येतात. लहानपणी धानाच्या बांधीत, चिखलात राबलेल्या माणसालाच ते कळेल.

*

मुख्य गाण्यात एक ओळ बाईच्या आवाजात आहे. “घडीभर बस.” एवढीच! त्यासाठी मुंबईची गायिका बोलावली होती. तिनं ती इतकी गोड म्हटली की मधूभाऊ कपाळाला हात लावून बसले.

तेवढ्यात मुंबईला सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी शांताबाई डबा घेऊन आल्या. मधूभाऊ येरझारा घालताहेत हे पाहून त्या म्हणाल्या, “घडीभर बस ना गा, जेवून घे!”

काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला उभाच राहिला. “हाच आवाज पाहिजे!”

शांताबाई घाबरल्या. “मले गानं नाई येत बाप्पा. मले फक्त याले खाली बसवनं येते!”

एका टेकमध्ये ओळ झाली.

*

शांताबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून मधूभाऊंनी ती एलपी ऐकली नाही. घरातली प्रत कोणालातरी देऊन टाकली, गाणं म्हणणंही सोडलं. एकदा ते दुकानात आले असताना प्रमोदला काय सुचलं कोण जाणे, त्यानं एलपी लावली. मधूभाऊ अर्धा चहा ठेवून उठले.

“काऊन भाऊ?”

“सायकलीची हवा पाहून येतो.”

ते पायी आले होते. प्रमोदला आम्ही त्या दिवशी लई बोललो. पण खरं सांगायचं तर चूक तिघांचीही होती. त्यांनी पुन्हा ऐकावं असं आम्हा सगळ्यांनाच मनापासून वाटत होतं.

*

आमची प्रत जुनी. नेमकी शांताबाईंच्या ओळीवर ओरखडा आहे. सुई तिथं अडकते आणि “घडीभर बस” पुन्हा पुन्हा वाजतं. मग आमचा कायदा ठरला. तीनदा वाजू द्यायचं, आणि ज्याची पाळी असेल त्यानं तिसऱ्याला उठून बोटानं सुई पुढे सरकवायची.

प्रमोदची मुलगी हेच ऐकत वाढली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिनं हे गाणं म्हटलं. ओळ तीनदा म्हणाली, थांबली, हवेत एक बोट टोचलं आणि मग पुढे! टाळ्या पडल्या. व्हिडिओ मोबाइलवरून गावोगाव गेला.

*

दिवाळीनंतर आंधळगावच्या मंडईच्या जत्रेत दंडार सुरू होती. भरदुपारी पोरांनी हेच गाणं घेतलं. ओळ तीनदा, आणि मग सगळ्या पोरांचं एकदम बोट! पहिल्याच रांगेत मधूभाऊ बसलेले, मागे आम्ही तिघं. आम्हाला तोंड लपवायला जागा नव्हती.

गाणं संपल्यावर त्यांनी म्होरक्याला विचारलं, “हे तीनदा काऊन म्हनता गा?”

म्होरक्या त्यांना ओळखत नव्हता. “काका, वरिजनल असंच आहे! तुमाले नाई समजनार!”

मधूभाऊ “बरं” म्हणाले आणि पुढचं गाणं ऐकत बसले.

*

आम्हाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानाची सासुरवाडी लाखांदूरची. तिथं शोधता शोधता एकाच्या घरी बिनओरखड्याची प्रत निघाली. नानानं ती एसटीत मांडीवर धरून आणली, बायकोला पिशव्यांसकट उभं ठेवून. वहिनी अजून त्याच्याशी धड बोलत नाहीत.

पुढच्याच रविवारी मधूभाऊ आपणहून दुकानात आले. खुर्ची ओढली आणि म्हणाले, “लावा.”

प्रमोदनं नवी प्रत लावली. शांताबाईंची ओळ आली. एकदाच. पुढे गिटार सुरू झाली. मधूभाऊ शेवटपर्यंत ऐकत बसले.

“चांगली आहे. पन पोट्टे जिच्यावरून शिकले थे कोनती?”

“थे खराब झाली भाऊ,” नाना पुटपुटला.

“मालूम आहे. लाव.”

प्रमोदनं आमची प्रत लावली. घडीभर बस. घडीभर बस. घडीभर बस. पाळी प्रमोदची होती. सवयीनं तो उठला, बोट पुढे केलं. मधूभाऊंनी त्याचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे ना गा. काय घाई आहे?”

प्रमोद खाली बसला. चहावाला कप ठेवून गेला, कोणी उचलला नाही. ओळ वाजत होती. बऱ्याच वेळानं मधूभाऊ उठले आणि त्यांनी स्वतःच्या बोटानं सुई पुढे सरकवली.